निसर्गसंवर्धनाच्या कामातील सुरक्षितता (खानदेश)

वृक्षलागवड, मृद व जलसंधारण, वणवा-नियंत्रण, कुरणांची निगा, रोपवाटिका आणि वन्यजीवरक्षण ही कामे करणाऱ्यांच्या जिवाला व प्रकृतीला संभवणारे धोके आणि ते टाळण्याच्या रीती. ही नोंद जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरती आहे. १९०६ साली पूर्व व पश्चिम असे विभाजन होण्यापूर्वीचा खानदेश जिल्हा स्थूलमानाने हाच होता. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे आणि मधून वाहणारी तापी, अशी या मुलखाची ठेवण आहे. यावल व अनेर धरण ही अभयारण्ये, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा चाळीसगावकडील भाग, तोरणमाळचे पठार, मुक्ताईनगरकडील वाघांचा वावर असलेले जंगल आणि धुळ्याजवळचे लळिंग कुरण ही या कामाची प्रमुख ठिकाणे होत.

खानदेशात धोक्याचे मूळ कामाच्या हंगामात आहे. लागवडीचे खड्डे आणि उतारावरचे चर पावसाळ्यापूर्वी तयार असावे लागतात, त्यामुळे खोदाई उन्हाळ्यातच करावी लागते. वनविभाग वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा मानतो. शेतीची कामे याच काळात थंडावतात आणि मजूर मोकळे असतात. तापीच्या खोऱ्यातला कडक उन्हाळाही याच महिन्यांतला. हेल्मेट, हातमोजे यांसारख्या साधनांवर मार्गदर्शिकांमध्ये भर असतो. त्यांचे महत्त्व आहेच. पण येथे जीव वाचतो तो मुख्यतः कामाची वेळ नीट नेमल्याने.

जाळरेषांचा उगम : हिवाळ्याच्या अखेरीस जंगलातील ठरावीक पट्ट्यातले गवत कापून व देखरेखीखाली जाळून तो मोकळा ठेवतात. याला जाळरेषा म्हणतात. संरक्षणाची ही रीत जुनी असली, तरी ती खानदेशात कोठून आली याविषयी एकमत नाही. एका मतानुसार ती सरकारी वनव्यवस्थेबरोबर आली. मुंबई इलाख्यात १८४७ साली वनसंरक्षकाची नेमणूक झाली, पुढे १८६५ व १८७८ चे वन कायदे झाले आणि राखीव जंगलांबरोबर आगीपासून रक्षणाची शिस्त आली. दुसरे मत पूर्वेकडे बोट दाखवते. सातपुड्याच्याच रांगेत, आजच्या मध्य प्रदेशातील बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सन यांनी वणवा रोखण्याचा पद्धतशीर प्रयोग केला आणि तेथून ही रीत डोंगररांगेने पश्चिमेस सरकली, असे हे मत मानणारे सांगतात. तिसऱ्या मताप्रमाणे पाड्याभोवती व शेताच्या बांधावर गवत आधीच जाळून मोकळी जागा राखण्याची भिल्ल-पावरा वस्त्यांतील सवय या दोहोंहून जुनी आहे. खात्याने तिला मोजमाप व नाव दिले. या तिसऱ्या मताला लिखित आधार तुटपुंजा आहे. तरीही नकाशावरची आखणी, रुंदीचे वर्ग व नोंदवही ही खात्याची देणगी, आणि ओल्या डहाळ्यांनी आग झोडपणे, वाऱ्याचा रोख पाहून समोरून आग लावणे (म्हणजे मधले गवत आधीच जाळून वणव्याची वाट तोडणे) ही हातांची विद्या स्थानिकांची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दुसरी विद्या अनुभवी माणसाबरोबर जाते. ती कागदावर उतरलेली नाही. नवख्या मजुराला जाळरेषेची रुंदी सांगता येते, समोरून आग कधी लावू नये हे मात्र जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

वणवा विझवणे : आग चढावर झपाट्याने धावते. सपाटीच्या तुलनेत उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुपटीने वाढतो, असा वनशास्त्रातील ठोकताळा आहे. म्हणून चढत्या आगीच्या वर कधीही उभे राहू नये; बाजूने किंवा जळून गेलेल्या भागातून काम करावे आणि माघारीची वाट आधी ठरवावी. सातपुड्याच्या अरुंद नाळींत आग धुराड्यासारखी वर ओढली जाते, त्यामुळे तिथे उतरणे सर्वाधिक घातक. दुपारी वारा वाढतो; पहाटे दव व गारवा यांमुळे आग मंदावते, म्हणून अनुभवी वनमजूर मोठी झटापट पहाटेसाठी राखून ठेवतात. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. सुती कपडे व पूर्ण बंद बूट आवश्यक. धुरातील कार्बन मोनॉक्साइडने प्रथम डोके दुखते व निर्णयशक्ती मंदावते. माणूस चुकीच्या दिशेने पळतो तो बहुधा यामुळेच. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या आधारे आगीचे इशारे देते. त्याने आग लवकर कळते, पण डोंगरात पोहोचायला लागणारा वेळ तेवढाच राहतो.

उष्णता : जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात कमाल तापमान सरासरीनेच ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काही दिवस ते ४५ च्या पुढे जाते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असावे, किंवा पारा थेट ४५ वर गेलेला असावा, तेव्हा उष्णतेची लाट मानतात. जिथे ४२-४३ हेच नेहमीचे, तिथे या निकषात मोठी फट राहते. ४४ अंशांतही अधिकृत लाट नसते, आणि चर खणणाऱ्या मजुराच्या शरीराला सरासरीशी काही देणेघेणे नसते.

कामाच्या ठिकाणचा ताण मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात एक संयुक्त निर्देशांक वापरतात. उघड्यावर त्याचे सूत्र असे : ओल्या फडक्याच्या तापमापकाचे माप ७० टक्के, काळ्या गोलकाच्या तापमापकाचे २० टक्के व साध्या तापमापकाचे १० टक्के. उदाहरणार्थ ही मापे अनुक्रमे २५, ५८ व ४५ धरली, तर निर्देशांक ३३.६ येतो. जड शारीरिक कामासाठी, उन्हाला सरावलेल्या माणसाची त्याच मानकातील मर्यादा २६ आहे. म्हणजे कुदळ-फावड्याचे काम अशा दुपारी मुळात होऊच नये. या निर्देशांकाविषयी आक्षेप असा, की त्यात ओल्या मापाला फार वजन असल्याने तो दमट किनाऱ्याला अधिक साजतो. कोरड्या खानदेशात घाम आल्याआल्या उडून जातो, अंग ओले लागत नाही, आणि किती पाणी गमावले याचा माणसाला पत्ताच लागत नाही. शिवाय हवा त्वचेहून तप्त असली की वारा अंग थंड करण्याऐवजी तापवतो. उन्हाळी झळ ती हीच. निर्देशांक शास्त्रशुद्ध आहे. पण काळा गोलक कामावर क्वचितच असतो आणि मेटकडे (मजुरांच्या मुकादमाकडे) घड्याळ मात्र असते. म्हणून अकरा ते चार काम बंद, हा तासांचा साधा नियम येथे अधिक उपयोगी ठरतो.

दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, नव्या माणसाला पहिला आठवडा कमी काम, सावलीत सक्तीची विश्रांती हे उपाय सर्वज्ञात आहेत. ते पाळले जात नाहीत त्याची दोन कारणे आहेत. एक, मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरते, त्यामुळे विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी. दोन, कामावर शौचालयाची सोय नसल्याने स्त्रिया जाणूनबुजून पाणी कमी पितात. उष्माघात, मूत्रमार्गाचे विकार व मुतखडा यांचा धोका त्यांच्यात याने वाढतो. पाण्याच्या टँकरइतकाच आडोशाचा तंबूही सुरक्षिततेचे साधन आहे, हे अजून पुरेसे मानले गेलेले नाही. खिशात कांदा ठेवण्याचा प्रघात सर्वत्र आहे. त्याने अपाय नाही, पण उष्माघात झालेल्याला वाचवते ते भरपूर पाणी ओतून व वारा घालून अंग झटपट थंड करणे. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेले व माणूस बरळू लागला, तर गाडीची वाट पाहत बसू नये. थंड करणे जागेवरच सुरू करावे.

भिल्ल, पावरा व इतर आदिवासी समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. पाण्याची कमतरता व अतिश्रम यांनी या रुग्णांत तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी होते. तिचे कार्ड मजुराच्या स्वतःच्या संमतीने मेटला माहीत असणे हिताचे. मात्र त्यावरून कोणालाही काम नाकारले जाऊ नये.

खोदकाम : सातपुड्याच्या पायथ्याशी मुरूम व काळा पाषाण, तर तापीकाठी शेकडो फूट जाडीचा गाळ, अशा दोन वेगळ्या भूमी येथे आहेत. पाषाणात टिकाव-पहारीच्या घावाने उडणाऱ्या कपच्या डोळ्यांना इजा करतात. साधा चष्माही मोठे रक्षण करतो. सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) उथळ असल्याने त्यात ढासळण्याचा धोका नगण्य. तापीच्या गाळातील खोल कामांचे तसे नाही. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली रुजलेल्या नाला रुंदीकरण-खोलीकरणाच्या पद्धतीचे अनुकरण पुढे अनेक ठिकाणी झाले. अशा कामांत उभे काठ राहतात. कोरडा गाळ भिंतीसारखा ताठ उभा राहतो आणि पहिल्या पावसात पूर्वसूचना न देता कोसळतो. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. काठाला पायऱ्या किंवा ढाळ देणे, उपसलेली माती काठापासून दूर टाकणे, पोकलेन वा जेसीबीच्या फिरत्या कक्षेत कोणी न थांबणे हे नियम म्हणूनच कठोरपणे पाळायचे. पावसाळ्यानंतर हेच खोल नाले बुडण्याची जागा होतात, यास्तव ठिकठिकाणी उतार राखणे डिझाइनचाच भाग मानावा.

दंश व वनस्पती : अनघड दगडी बांध रचताना दगडाखाली हात घालणे हा सर्वांत सामान्य अपघात. फुरसे व विंचू तेथेच असतात. दगड प्रथम पहारीने उलटवून मग उचलावा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर एकच संयुक्त प्रतिविष चालते; दंशाचा भाग न हलवता तातडीने रुग्णालय गाठणे हाच उपाय, करकचून आवळपट्टी बांधणे किंवा चिरा देणे अपायकारक. लाल विंचवाच्या दंशावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेल्या प्राझोसिनने मृत्यू पुष्कळ घटले.

ऊन टाळण्यासाठी काम पहाटे किंवा रात्री नेले, की दंशाचा धोका वाढतो. मण्यार व घोणस मुख्यतः रात्री फिरतात. बिबट्याचाही वावर तेव्हाच अधिक. २०१७ साली चाळीसगाव परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात राज्यभर चांदण्यातील श्रमदानाची लाट आली. तिचा उत्साह खरा होता, पण विजेरी, गमबूट व टोळीने काम ही त्याची पूर्वअट हवी. सर्व बाजू पाहता, पहाट फुटल्यापासून दहा-अकरापर्यंतची वेळ सर्वांत कमी जोखमीची ठरते.

खाजकुहिलीची कुसे, बिब्ब्याचा कातडी फोडणारा चीक आणि वेडी बाभळीचे काटे यांनी अनेक दिवस बुडतात. धनुर्वाताची लस हंगामापूर्वी घेतलेली बरी. अंजनाचे लाकूड अतिशय कठीण असते, त्यावर कुऱ्हाड घसरते. छाटणी करणाऱ्याने पाय फाकवून व बाजूला ठेवून उभे राहावे. रोपवाटिकांत वाळवीसाठी वापरले जाणारे थायमेट हे कीटकनाशक २०२० अखेर बंदीखाली आले, तरी जुने साठे दिसल्यास ते वापरू नयेत.

कायदा : १९४८ चा कारखाने अधिनियम या कामांना लागू नव्हता, १९५१ चा मळा-मजूर अधिनियम चहा-कॉफी-रबर यांसारख्या मळ्यांसाठी होता. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत मात्र झाडतोड व वणवा विझवणे या कामांचा उल्लेख होता. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी आणि पुरेशी लहान मुले असल्यास सांभाळणारी व्यक्ती यांची तरतूद होती. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता सामान्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. चार-पाच जणांच्या गस्तीचे काय, हा प्रश्न उरतो. त्याउलट १९२७ च्या वन अधिनियमाचे कलम ७९ जंगलात हक्क असलेल्या ग्रामस्थाला वणवा विझवण्यास मदत करणे बंधनकारक करते. कर्तव्य स्पष्ट, दुखापतीची जबाबदारी अस्पष्ट, अशी ही स्थिती. १९९२ च्या शासन निर्णयानंतरच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक हक्कधारक ग्रामसभा यांच्या बाबतीत मालक कोण व मजूर कोण हेच ठरत नाही. साक्री तालुक्यातील बारीपाड्यासारख्या गावांनी, जेथे चैत्राम पवार (पद्मश्री, २०२५) यांच्या पुढाकाराने जंगल राखले गेले, रक्षणाचे नियम स्वतः घातले. अशा गावांच्या नियमांत गस्तीवरील जखमीच्या उपचाराचा खर्च ग्रामनिधीतून करण्याचे कलम घालणे सहज शक्य आहे, आणि ते घालावे.

वैद्यकीय मदत : धुळे, जळगाव व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांतून मात्र रुग्णाला आजही झोळी करून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तेथील कामाच्या अंदाजपत्रकातच झोळीसाठी बांबू व चादर, प्रथमोपचार शिकलेले दोघे, मोबाइलला रेंज मिळणारी सर्वांत जवळची टेकडी आणि प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्राचे अंतर यांची नोंद असावी.