बादली वितळते, मग कुकरची मूठ का नाही?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत सकाळी भंगारवाल्याचा हातगाडा येतो. परवा त्याला एक फुटकी बादली आणि कुकरची तडकलेली मूठ दिली. बादली त्याने काट्यावर टाकली, मूठ परत माझ्या हातात. "ह्ये वितळत न्हाई, सर." नववीच्या पोरांसाठी मी जे दोन तास फळा भरून लिहितो, ते त्याने तीन शब्दांत उरकलं.

बादली थर्मोप्लास्टिकची, मूठ थर्मोसेटची. पुस्तकात उष्मामृदू आणि उष्मादृढ. पेपरात पोरं हमखास उलटंपालटं करतात, कारण वस्तू घडवताना उष्णता बहुधा दोन्हींना लागते. फरक कळतो तो दुसऱ्यांदा तापवल्यावर.

गुळाचा पाक करा, थिजू द्या, पुन्हा पाक होतो. बादलीचं तसंच. तिच्यातल्या पॉलिप्रोपिलीनच्या लांबलचक रेणूसाखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात; साधारण 160 अंश सेल्सिअसच्या पुढे त्या सुट्या होऊन सरकू लागतात. मूठ म्हणजे आपली कडक भाकरी. एकदा भाजून वाळली की कितीही भिजवा, त्या पिठाचा परत उंडा होत नाही. मुठीचं प्लास्टिक म्हणजे बेकलाइट; ते घडताना साखळ्यांमध्ये पक्के रासायनिक बंध जुळतात आणि सगळं मिळून एकच जाळं होतं. ते तापवलं तर वितळायच्या आधी करपतं. लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून ते बनवलं. जो गुण शेगडीवर कामाचा, तोच भंगारात नडतो.

खरा घोळ ताटल्यांचा. मेलामाइनची आणि पॉलिप्रोपिलीनची ताटली लांबून सारखीच दिसते. तापलेली सुई टेकवा: पॉलिप्रोपिलीनमध्ये ती लोण्यासारखी रुतते, मेलामाइनवर नुसता डाग पडतो. (खिडक्या उघड्या ठेवून, आणि वास घ्यायला नाक पुढे न करता!)

पण वितळतं म्हणजे कितीही वेळा वापरता येतं, असं नाही. दरवेळी तापवताना साखळ्या थोड्या तुटतात, माल कमजोर होतो. शिवाय जाती वेगळ्या करायला हव्यात. पाण्याच्या बाटलीचं पीईटी, म्हणजे तळाशी त्रिकोणात 1 आकडा, वितळायला 250 अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्यात 3 आकड्याचं पीव्हीसी मिसळलं तर ते तेवढ्या तापात टिकत नाही, हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं आणि सगळा माल नासवतं. नीट निवडलेल्या बाटल्यांचा मात्र पॉलिस्टरचा धागा निघतो, हे यंत्रमागाच्या गावात वेगळं सांगायला नको.

थर्मोसेटचं काय? दळून भुकटी करायची आणि नव्या मालात भर म्हणून घालायची. आमटीत भाकरी कुस्करतो तसंच.

ती मूठ आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. सुईचे अकरा डाग पडलेत, आरपार एकही गेलेली नाही.