पोलीस निवासस्थान : अर्जापासून ताबा परत करेपर्यंत

महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळाची स्थापना 1974 मध्ये झाली आणि तेव्हापासून पोलिसांसाठी घरे बांधण्याचे काम हे महामंडळ करीत आले आहे. त्यामुळे खोलीसाठी अर्जही तिथेच करायचा असतो, असा नव्याने भरती झालेल्या अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात महामंडळ घरे बांधते, वाटत नाही. वाटपाचा अधिकार घटक प्रमुखाचा, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तांचा आणि जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांचा असतो. गळके छत किंवा तुंबलेले सांडपाणी हा विषय बहुतांश ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो. कोणता कागद कोणत्या दारी न्यायचा हे आधीच ठाऊक असले, तर बऱ्याच फेऱ्या वाचतात.

अर्जदार संबंधित घटकात प्रत्यक्ष हजर झालेला असला पाहिजे; केवळ बदलीचा आदेश हाती असणे पुरेसे नाही. निवासस्थानाचा प्रकार पद आणि वेतनस्तरावरून ठरतो, आणि त्या प्रकारातील प्रतीक्षा यादीत नाव लागते. पदोन्नतीने प्रकार बदलत असेल, तर नव्या प्रकारासाठी वेगळा अर्ज करावा. पोलीस नाईक हे पद 2022 मध्ये रद्द झाले असले तरी जुन्या छापील नमुन्यांत तो रकाना अजून दिसतो. तो रकाना रिकामा ठेवून पदाच्या जागी सध्याचे पद लिहावे.

अर्ज नेहमी योग्य मार्गाने, म्हणजे प्रभारी अधिकाऱ्याच्या शिफारशीसह जातो. मुंबई पोलीस दलाने वाटपासाठी ई-आवास ही ऑनलाइन प्रणाली आणली; जिल्ह्यांत बहुतेक ठिकाणी विहित नमुन्यातील कागदी अर्ज मुख्यालयात द्यावा लागतो. अर्जावर बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) आणि सेवार्थ क्रमांक (शासनाच्या वेतन प्रणालीतील क्रमांक) अचूक असावेत. सोबत हजर झाल्याचा आदेश, ओळखपत्र, अलीकडची वेतनचिठ्ठी, शिधापत्रिका व कुटुंबीयांची आधारपत्रे जोडावीत. आधीच्या घटकात खोली होती अशांनी ती रिकामी केल्याचे ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला, जोडणे अत्यावश्यक आहे, आणि अनेक अर्ज नेमके याच कागदावाचून अडकून पडतात. आजारपणामुळे प्राधान्य किंवा तळमजला हवा असेल, तर खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर विसंबू नये. शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र घ्यावे. दाखल केलेल्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख टाकून घ्यावी, कारण पुढे यादीतील ज्येष्ठतेचा वाद झालाच, तर हीच प्रत कामी येते.

अर्ज करण्यापूर्वी घरभाडे भत्त्याचा हिशेबही मांडावा. निवासस्थान मिळाले की हा भत्ता बंद होतो. सातव्या वेतन आयोगानंतरच्या तरतुदीनुसार महागाई भत्त्याने 50 टक्क्यांचा टप्पा ओलांडल्यावर मुंबई-पुण्यासारख्या एक्स वर्गातील शहरांत घरभाडे भत्त्याचा दर मूळ वेतनाच्या 30 टक्के होतो. म्हणजे 21,700 रुपये मूळ वेतन असलेल्या नव्या शिपायाला दरमहा 6,510 रुपयांवर पाणी सोडावे लागते. मुंबईत तेवढ्या पैशांत भाड्याची खोली मिळणे अवघड असल्याने पोलीस लाइनीतली (वसाहतीतली) लहान जागाही परवडते. तालुक्याच्या ठिकाणी मात्र हे गणित उलटू शकते. पती-पत्नी दोघेही शासकीय सेवेत असून एकाच्या नावावरील निवासस्थानात एकत्र राहत असतील, तर दुसऱ्यालाही घरभाडे भत्ता घेता येत नाही. जोडीदार दुसऱ्या विभागात असला की ही माहिती त्या कार्यालयाला कळवायची राहून जाते, आणि काही वर्षांनी वसुली एकदम निघते.

वाटप आदेश हातात पडला म्हणजे घर मिळाले असे होत नाही; ताबा घेतल्याची तारीख त्याहून महत्त्वाची असते. ताबा घेताना घाई करू नये, रात्रपाळी संपवून थेट किल्ली घ्यायला जाणे तर टाळावेच. दिवसाउजेडी जाऊन नळ सोडून पाहावेत, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते उतरते का हे पाहावे, खिडक्यांच्या कड्या लावून बघाव्यात, आणि वीज मीटरवरील आकडा ताबा पावतीवर लिहून त्यावर सही घ्यावी. हा आकडा न लिहिल्यामुळे आधीच्या रहिवाशाची थकबाकी नव्या माणसाच्या गळ्यात पडते. फुटलेली फरशी, निखळलेले दार यांची नोंदही त्याच पावतीवर करावी, एरवी खोली सोडताना ते नुकसान आपल्याच नावे लागते. पावतीची एक प्रत वेतन लिपिकाकडे त्याच आठवड्यात पोहोचवावी, म्हणजे भत्ता नेमक्या तारखेपासून बंद होईल.

पोटभाडेकरू ठेवणे किंवा परवानगीशिवाय बांधकाम करणे यांमुळे वाटप रद्द होते. बदली वा सेवानिवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतीत खोली रिकामी करावी लागते. मुलांची परीक्षा किंवा आजारपण यांसाठी मुदतवाढ हवी असल्यास मूळ मुदत संपण्यापूर्वीच लेखी अर्ज करावा. मुदत संपल्यानंतर दंडनीय दराने आकारणी सुरू होते आणि मुंबई सरकारी जागा (निष्कासन) अधिनियम, 1955 नुसार कारवाईही होऊ शकते.

सेवा निवासस्थान कितीही वर्षे ताब्यात असले तरी मालकीचे होत नाही. मुंबईतील बीडीडी चाळींचा दाखला अनेक जण देतात. पण तिथे पुनर्विकास प्रकल्पासाठी शासनाने 2022 मध्ये स्वतंत्र निर्णय घेऊन तेथील पात्र पोलिसांना 15 लाख रुपयांत घर देण्याचे ठरवले. इतर वसाहतींना तो निर्णय आपोआप लागू होत नाही.

खोली परत करतानाही मीटरचा आकडा लिहावा, वीज व पाणी यांची अंतिम देयके भरावीत आणि ताबा परत केल्याची पावती घ्यावी. निवृत्तिवेतन प्रकरणात ना-देय प्रमाणपत्र लागते आणि निवासस्थानाची थकबाकी सेवा उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वळती केली जाते, म्हणून निवृत्त होणाऱ्याने हे कागद शेवटच्या महिन्यासाठी शिल्लक न ठेवता आधीच्या वर्षभरात जमवण्यास सुरुवात करावी.