कोंबडीचा पंख आणि लोखंडाची भीती

आमच्या अंबाजोगाईकडे एक समजूत घट्ट आहे: गाठीला लोखंड, म्हणजे सुई किंवा सुरी, लागलं की ती भडकते. मावशीने स्तनातली गाठ चार महिने पदराआड ठेवली ती याच धाकाने. दर महिन्याला दंडावर बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन घेताना मात्र तिला लोखंड आठवलं नाही.

गंमत म्हणजे जखम आणि गाठ यांचं नातं खरंच दाखवून दिलंय एका बाईने. मीना बिसेल, पेशींचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. जन्म 1940, तेहरान. शिकायला अमेरिकेत आली, 1969मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट घेतली आणि 1972पासून लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत रमली. तेव्हा बहुतेकांचं मत एकच: जनुक बिघडलं की पेशी कॅन्सरची झाली, विषय संपला. बिसेलला ते पटेना. नखात आणि डोळ्यात जनुकं तीच असतात, मग नख डोळा का होत नाही?

राऊस सार्कोमा विषाणू कोंबडीला टोचला की गाठ येते, हे 1911पासून ठाऊक होतं. बिसेल आणि तिचा सहकारी डोलबर्ग यांनी तो अंड्यातल्या पिलाला टोचला. विषाणू वाढला, त्याचं जनुक कामाला लागलं, गाठ नाही! त्याच पेशी काढून प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवल्या, तर कॅन्सरच्या झाल्या. पुढे मोठ्या पिलांच्या एका पंखात विषाणू टोचला आणि दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली, तर गाठ त्या जखमेतही आली. जखम भरताना शरीर टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सोडतं. जखमेऐवजी तेच टोचलं तरी गाठ आली. रानात तणाचं बी पडून असतं आणि कुळवाची पाळी घातली की तरारून वर येतं, तसंच हे.

पण त्या पिलांच्या अंगात विषाणू फिरत होता. मावशीच्या नाही. तपासणीच्या सुईने कॅन्सर पसरण्याचा धोका नगण्य असतो, घोटाळा होतो तो तपासणी लांबवण्याने.

1997मध्ये बिसेलच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरपेशी मऊ जेलमध्ये वाढवल्या. पेशी भोवतालच्या जाळीला इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाने धरून असते. त्यातलं बीटा-1 इंटिग्रिन प्रतिपिंडाने (त्यालाच नेमकं चिकटणाऱ्या प्रथिनाने) अडवलं, तसा वेडावाकडा वाढणारा पुंजका थांबला आणि निरोगी दुग्धग्रंथीत असतो तसा नीटस गोल झाला. ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ म्हणून हे कुणी व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, हे बशीतलं आहे. त्या गोल झालेल्या पेशींची जनुकं मात्र होती तशीच बिघडलेली होती.