सांगोल्याचे आबा: अकरा विजयांमागचा पक्ष आणि पाणी

गणपतराव ऊर्फ आबा देशमुखांचे नाव निघाले की पहिला उल्लेख अकरा आमदारक्यांचा होतो. 1962 ते 2014, मतदारसंघ एकच, सोलापूर जिल्ह्यातला सांगोला, पक्षही एकच शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). 'देशातला विक्रम' मात्र जपून म्हणावे. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून याहून अधिक वेळा निवडून आले, आणि तामिळनाडूचे करुणानिधी, मतदारसंघ बदलत का होईना, तेराव्या विजयापर्यंत पोहोचले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आबांची बरोबरी करणारा कुणी नाही.

खरे कोडे आकड्यापेक्षा पक्षाचे आहे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने काँग्रेसबाहेर पडलेल्यांनी शेकाप उभा केला, 1950 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला मार्क्सवादी भूमिका घेतली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो आघाडीवर राहिला. पुढे जेधे, मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने बहुजन समाजातले उरलेसुरले नेतेही ओढून घेतले. शेकाप हळूहळू रायगड, सांगोला आणि इकडच्या-तिकडच्या काही तालुक्यांपुरता उरला. पक्ष आटत असताना वकिली करणारा हा कार्यकर्ता लाल बावटा धरून राहिला. त्याने सत्तेपासून सोवळे पाळले असे मात्र नाही. 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री होते आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही. 2002 मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा मंत्रिपद गेले, आमदारकी राहिली.

ती का राहिली, याचे उत्तर माणदेशाच्या कोरड्या जमिनीत शोधावे लागते. सांगोला कायम दुष्काळी, माण नदी बहुतेक काळ कोरडी. कृष्णा खोऱ्यातल्या पाण्यात दुष्काळी तालुक्यांना समान वाटा हवा, ही मागणी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीच्या पाणी परिषदांमधून त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी केली. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हा वेगळाच रस्ता. कमी पाण्यात येणाऱ्या डाळिंबाने इथला शेतकरी सावरला, त्याचे श्रेय अर्थातच शेतकऱ्याचे. साधी राहणी आणि एसटीचा प्रवास याच्या कथा खूप सांगितल्या जातात. पण नुसत्या साधेपणावर पन्नास वर्षे मते मिळत नाहीत.

आणि मतदारांनी त्यांना घरीही बसवले होते. 1972 ला ते हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परतले. 1995 मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी पाडले. त्यानंतर 2014 पर्यंत आबा सलग चार निवडणुका जिंकले. 2019 ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत, तेव्हा नातू अनिकेत यांचा शिवसेनेकडून लढलेल्या याच बापूंनी 768 मतांनी पराभव केला. 'काय झाडी, काय डोंगार' म्हणून 2022 मध्ये राज्यभर गाजले, तेच हे बापू.

30 जुलै 2021 रोजी सोलापुरात आबांचे निधन झाले. 2024 मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी सांगोला परत मिळवले. त्या निवडणुकीत राज्यभरात शेकापच्या वाट्याला आलेली ही एकमेव जागा. घराणेशाहीला विरोध करत वाढलेल्या पक्षाची शेवटची जागा आजोबांच्या पुण्याईवर टिकावी, हे मात्र डाव्यांना खटकण्यासारखेच आहे.