फवारणी करणाऱ्याचा परवाना: पार्श्वभूमी

कीटकनाशक विकायचे तर परवाना लागतो. शहरात घरोघरी जाऊन झुरळ-वाळवीची फवारणी करून देणाऱ्या कंपनीलाही तो लागतो आणि शेतावर ड्रोन उडवायचा तर प्रमाणपत्र लागते. पण ऐन सप्टेंबरात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या पिकात, पाठीवर पंप घेऊन उतरणाऱ्या मजुराकडे यातले काहीच कोणी मागत नाही. विषबाधेच्या बातम्या यायला लागल्या की नागपुरात यावर चर्चा सुरू होते आणि बहुधा मजुराच्या निष्काळजीपणावर येऊन थांबते. खरे कारण कीटकनाशके कायद्याच्या रचनेत आहे.

हा कायदा शेतातल्या घटनेतून जन्मलेला नाही. 1958 साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले अन्न पोटात जाऊन शंभरावर माणसे दगावली. मुंबईहून जहाजाने गेलेल्या मालात हे विष खाद्यपदार्थांच्या पोत्यांपर्यंत झिरपले होते. चौकशी आयोग नेमला गेला, दहा वर्षांनी 1968 चा कीटकनाशके कायदा झाला आणि 1971 मध्ये त्याचे नियम आले. त्यामुळे कारखाना, वाहतूक, गोदाम, दुकान आणि लेबल यांवर त्याची नजर पक्की आहे. बांधापलीकडे मात्र ती जवळपास जातच नाही.

सगळा गुंता कलम 38 मध्ये आहे. स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या वहितीतल्या जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्याला कायदा लागू नाही, असे ते कलम सांगते. हेतू योग्यच होता. चार एकरांच्या कास्तकारामागे निरीक्षकाचा ससेमिरा लागू नये, हे कोणालाही पटेल. पण विदर्भात फवारणी करतो कोण? बहुतेक ठिकाणी भूमिहीन मजूर. तो रोजाने येतो किंवा पंपामागे पैसे ठरवून घेतो, आणि हंगामात आज या शेतात तर उद्या त्या शेतात, असे सलग दिवस विष हाताळतो. जमीन त्याच्या वहितीत नसते. म्हणजे कलमाचे शब्द काटेकोर वाचले तर सवलत त्याच्यासाठी नाहीच. मग त्याला कलम 13 खाली, व्यावसायिक कीडनियंत्रण करणारा म्हणून परवाना लागतो का? त्या परवान्याची पात्रता आहे कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी, आणि वर मैसूर, हापूर किंवा हैदराबाद इथल्या संस्थांतले किमान 15 दिवसांचे प्रशिक्षण. दहावीही न झालेल्या मजुराला ही अट लावणे अशक्य होते, म्हणून व्यवहारात सोपा अर्थ निघाला: मजूर म्हणजे शेतकऱ्याचाच हात, शेतकऱ्याला सूट म्हणून त्यालाही सूट. शेत मक्त्याने किंवा बटईने दिलेले असेल तर ‘स्वतःची वहिती’ नेमकी कोणाची, हा आणखी एक पेच.

या सोप्या अर्थाची किंमत मजुरानेच मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण 1971 च्या नियमांत संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, वैद्यकीय तपासणी, उताऱ्याची औषधे, कामगारांचे प्रशिक्षण हे सारे लिहिलेले आहे. प्रशिक्षणाची जबाबदारी उत्पादक, वितरक आणि कीडनियंत्रण कंपन्यांवर आहे. शेतकरी सवलतीत बसला, त्याच्यासोबत मजूरही बसवला गेला आणि मजुराला मालकच उरला नाही. सूट म्हणून जे दिले, त्यातून त्याचे संरक्षण गेले. अमेरिकेत 1972 नंतर अतिजहाल कीटकनाशकांसाठी वापरणाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. आपल्याकडे तसा प्रश्न पुढची चार दशके धोरणात ठळकपणे आलाच नाही.

2002 मध्ये बीटी कापूस आला, बोंडअळीच्या फवारण्या घटल्या आणि विषय आणखी मागे पडला. पुढे मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांचा जोर वाढला, गुलाबी बोंडअळी परतली आणि पंप पुन्हा पाठीवर चढले.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवेत उकाडा आणि दमटपणा होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती आणि बारीक तुषार उडवणारे पॉवर पंप हातात आले होते. फवारा वर मारायचा आणि तो अंगावरच यायचा. नागपुरात जनहित याचिका दाखल झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, डायफेंथियुरॉन, ॲसिफेटसह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी आली. कृषी केंद्रांवर कारवाई झाली. संरक्षक किट वाटले गेले, गावोगावी शिबिरे झाली. शिबिराला हजर राहिल्याने किंवा न राहिल्याने मात्र कोणाचेच काही अडत नाही, आणि दमट उन्हात तो प्लास्टिकचा कोट घालून दिवसभर काम करणे किती अवघड आहे, हे शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

दुकानदाराच्या बाबतीत गाडी याआधीच पुढे सरकली होती. 2015 च्या दुरुस्तीने विक्रेत्याला कृषी किंवा विज्ञान शाखेची शैक्षणिक पात्रता आवश्यक ठरली. जुन्या दुकानदारांना मुदत मिळाली, ती वाढत गेली आणि शेवटी 12 आठवड्यांच्या अभ्यासक्रमावर तडजोड झाली. शिकलेला दुकानदार चांगलाच. पण तो काउंटरपलीकडे असतो.

2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरावे. शेतात विष कोणाच्या हातून जाते, यावर अट घालणारा हा दुर्मीळ आदेश, म्हणून त्याचे महत्त्व मोठे. पण हा परवाना ज्यांच्याकडे आहे त्या कंपन्या शहरात, घरे-गोदामे सांभाळणाऱ्या. काटोल किंवा उमरेडच्या शेतकऱ्याने तणनाशकासाठी त्यांना कुठून आणायचे? परवाना मिळण्याची गावपातळीवरची वाटच तयार नसताना परवान्याची अट घालणे म्हणजे कागदावरची बंदी.

ड्रोनसाठी वाट लगेच झाली. डिसेंबर 2021 मध्ये कार्यपद्धती आली, 2022 मध्ये 477 कीटकनाशकांना ड्रोनने फवारणीची तात्पुरती मुभा मिळाली, 2023 मध्ये 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर झाली आणि तिच्यात 15 दिवसांचे प्रशिक्षण आहे. ते हवेच. पण ड्रोन चालवणारी बाई फवाऱ्यापासून लांब उभी असते. जो फवाऱ्यातच चालतो त्याच्यासाठी एका दिवसाचेही सक्तीचे प्रशिक्षण नाही.

1968 च्या कायद्याची जागा घेण्यासाठीचे विधेयक 2020 मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीकडे गेले. या साऱ्या अनुभवातून एक मागणी पुढे येते: मजुरांसाठी तालुक्यालाच, मराठीतून, छोटे प्रशिक्षण आणि ओळखपत्र असावे. तिच्यावरचा आक्षेप गंभीर आहे: उद्या ओळखपत्र नव्हते म्हणून भरपाई नाकारली जाईल. ही भीती पोकळ नाही. राज्याच्या शेतकरी अपघात योजनेत फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराच्या आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याच्या बाबतीतच. भूमिहीन मजूर तिथेही बाहेर आहे. म्हणून प्रशिक्षणाचा खर्च, त्या दिवसाची मजुरी आणि विषबाधेची भरपाई कोणी द्यायची हे आधी कायद्यात लिहावे लागेल, आणि ओळखपत्राची सक्ती त्यानंतर.