स्मार्टफोनची सुरक्षा

हातातला फोन, त्यातले सिमकार्ड आणि या दोहोंच्या आधारे उघडणारी बँकखाती, कागदपत्रे, फोटो व खासगी संभाषणे परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून केलेली तजवीज. पुण्यात भाजीच्या गाडीवरच्या क्यूआर कोडपासून मेट्रोच्या तिकिटापर्यंत रोजचे बरेचसे व्यवहार फोनवरच उरकतात. त्यामुळे फोन हरवला की घराची किल्ली, पाकीट आणि कागदपत्रांची पिशवी एकदम हरवल्यासारखे होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आणि वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तरी रोजची राखण ज्याची त्यालाच करावी लागते.

फोनचे कुलूप : चार अंकी पिनच्या १०,००० जुळण्या होतात, सहा अंकीच्या १० लाख. जन्मसाल किंवा ‘एमएच १२’च्या पुढचे गाडीचे चार आकडे पिन म्हणून ठेवले, तर ओळखीच्या माणसाला तो सापडायला वेळ लागत नाही. आजच्या फोनांतली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि ती वाचण्याची किल्ली याच पिनशी बांधलेली असते. बोटाचा ठसा ही केवळ सोय. म्हणून पिन कच्चा असेल तर ठशाचा उपयोग नाही. बंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसू देणेही घातक आहे, कारण मग ओटीपी वाचायला फोन उघडण्याची गरजच उरत नाही.

सिमकार्ड : सर्वांत दुर्लक्षित जागा हीच. गणेश विसर्जनाच्या गर्दीत किंवा स्वारगेटला बसमध्ये चढताना फोन मारला गेला, तर चोराला तो उघडता आला नाही तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते आणि ओटीपी तिकडे येऊ लागतात. यावर सिमलाच पिन लावण्याची सोय फोनच्या सेटिंगमध्ये पूर्वीपासून आहे. तीनदा चुकीचा पिन टाकला की सिम अडते आणि कंपनीकडून मिळणारा आठ अंकी पीयूके क्रमांक मागते. सेटिंगमधले हे दोन मिनिटांचे काम प्रत्येकाने आजच करून टाकावे.

परवानग्या : चोरीपेक्षा मोठी हानी मालकाच्या स्वतःच्या अंगठ्याने होते. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका, वाहतुकीच्या दंडाची पावती किंवा ‘बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल’ असा संदेश येतो आणि सोबत एपीके फाइल असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड अॅप बसवण्याची फाइल. पत्रिका किंवा पावती कधीच या रूपात येत नाही. ती उघडली की अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, पुढे ‘अॅक्सेसिबिलिटी’ची. ही दुसरी परवानगी मुळात दृष्टिहीन व अपंग व्यक्तींसाठी केलेली आहे. ती मिळाली की अॅपला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. पिन न सांगताही खाते रिकामे होते ते असे. वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून असे संदेश पाठवत नसल्याचे महावितरणने वारंवार कळवले आहे.

दुसरा मार्ग फोनवरच्या आवाजाचा. मुले परदेशी आणि आईवडील कोथरूड-सहकारनगरात एकटे, अशा घरांना ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवरच अटक झाल्याची, भीती घातली जाते. असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. समोरचा माणूस स्क्रीन दाखवणारे अॅप घ्यायला सांगत असेल तर फोन तिथेच ठेवावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. हे वाक्य आजी-आजोबांना न रागावता, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. फसलेल्या माणसाला आधीच इतकी लाज वाटत असते की घरच्यांच्या धाकाने तो गोष्ट दडवतो आणि पैसे अडवण्याची वेळ निघून जाते.

दुरुस्ती व विक्री : तपकीर गल्लीत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात फोन दुरुस्तीला देताना ‘टेस्टिंगसाठी’ पिन मागितला जातो. दुकानदार सचोटीचा असला तरी पिन देऊ नये. काही अँड्रॉइड फोनांत यासाठीच ‘मेंटेनन्स मोड’ किंवा ‘रिपेअर मोड’ आहे. त्यात फोन तपासता येतो, पण फोटो व संदेश झाकलेले राहतात. जुना फोन विकताना आधी गुगल किंवा अॅपलचे खाते काढावे, मग फॅक्टरी रीसेट करावा. रीसेटने सांकेतिक माहितीची किल्लीच नष्ट होते, म्हणून मागे राहिलेला मजकूर वाचता येत नाही. मेमरी कार्डाला मात्र सहसा हे संरक्षण नसते. ते काढून घरीच ठेवावे.

पुणे आणि हे क्षेत्र : १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे, अँड्रॉइडसाठीचे ‘एम-कवच’ हे सुरक्षा अॅप याच संस्थेचे. क्विक हील ही विषाणुरोधक सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही इथलीच. कैलास काटकर यांच्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून ती उभी राहिली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता, ग्राहकांच्या फोनवर नव्हे. पण सायबर चोरी हा शब्द त्यानंतर शहरात घरोघरी पोचला.

तक्रार : पैसे गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंत ती गोठवता येते. बँकेलाही त्याच तासात कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते.

फोन चोरीला गेल्यास आधी सिम बंद करून त्याच क्रमांकाचे नवे घ्यावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. मग सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, देऊन फोन देशभरातल्या नेटवर्कवर निकामी करता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हेही तिथेच दिसते. शहराचे सायबर पोलीस ठाणे शिवाजीनगरला आहे; पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळे असले, तरी हद्दीच्या कारणावरून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. जाताना व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, आलेल्या संदेशांचे स्क्रीनशॉट आणि १५ अंकी आयएमईआय सोबत हवा. आयएमईआय *#०६# दाबल्यावर दिसतो, पण फोन हातात असेपर्यंतच. म्हणून तो खरेदीच्या पावतीवर लिहून ठेवतात.