मंडईतली बेरीज आणि बाजूला ठेवलेली साडी

परवा महात्मा फुले मंडईत मावशी तोंडी हिशेब करत होत्या. "वीस न् पंधरा पस्तीस, पस्तीस न् चाळीस पंच्याहत्तर..." मी मध्येच विचारलं, "कोथिंबीर केवढ्याला?" "थांबा ओ दादा!" म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

माझ्या प्रश्नानं बिघडवली ती त्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे काम संपेपर्यंत माहिती धरून ठेवणारी मेंदूची सोय. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची रचना मांडली. तिच्यातलं मला सर्वांत आवडतं ते आवाजाचं चक्र. ऐकलेला शब्द तिथे जेमतेम दोन सेकंद टिकतो. पुढे टिकवायचा तर मनात पुटपुटत राहावं लागतं. म्हणूनच लांबलचक शब्दांची यादी आखूड शब्दांच्या यादीपेक्षा कमी लक्षात राहते. माझे शब्द त्याच चक्रात घुसले, 'पंच्याहत्तर'चं पुटपुटणं तुटलं आणि आकडा गेला. एरवी मावशींची पद्धत फार हुशारीची आहे: मागचे भाव सोडून द्यायचे, फक्त चालती बेरीज धरायची.

जागा तरी किती? जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास सांगितली, नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारवर आणली. चार गठ्ठे, बरं का. १९४७१९६० हे आठ अंक, पण आपल्यासाठी स्वातंत्र्य आणि महाराष्ट्र असे दोनच गठ्ठे. गठ्ठे बांधता येतात ते आधीच्या ज्ञानामुळे. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, 'मूल न बघता वाचेल, स्मरणशक्ती वाढेल' असं सांगत पैसे उकळणाऱ्यांचा मला म्हणूनच संताप येतो. मूल नाकाजवळच्या फटीतून बघत असतं; स्मरणशक्ती त्यानं तसूभरही वाढत नाही.

आता लक्ष्मी रस्त्यावर चला. विसावी साडी उलगडेपर्यंत दुसरीचे काठ कुणाला आठवतात? सगळे पर्याय तोलून सर्वोत्तम निवडणं डोक्याला झेपत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की माणूस थांबतो, हे हर्बर्ट सायमन यांनी मांडलं. १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आमच्या घरी तिसऱ्या-चौथ्या साडीलाच "ही बाजूला ठेवा हं" म्हणतात. डोक्यातली एक जागा मोकळी होते, साडी गादीवर डोळ्यांसमोर राहते. पुढची प्रत्येक साडी मग तिच्याशीच ताडली जाते, आणि जिला कुणी बाजूला ठेवा म्हटलं नाही, ती कितीही सुरेख असली तरी घडी होऊन कपाटात जाते.